मराठीतून आरपीजी बनवणारे हौशी कोण कोण आहेत? (साधनं, संवाद, अडचणी)

घाटवाट

इथे कथा लिहिणारे आहेत, चित्रं काढणारे आहेत, दिवसभर कोड लिहून पोट भरणारे तर कितीतरी आहेत. या सगळ्यांचं काम एकाच ठिकाणी लागतं असा एक छंद आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. तो म्हणजे आरपीजी (रोल प्लेइंग गेम) बनवणं. खेळण्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय, हा धागा बनवणाऱ्यांसाठी.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या खेळांत आपण एक पात्र होऊन एका जगात हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, कामं अंगावर घेतो, निवड करतो आणि त्या निवडीचे परिणाम पुढे कुठेतरी समोर येतात. मोठ्या कंपन्या यासाठी शेकडो माणसं लावतात. पण एकट्यादुकट्याने, नोकरी-शिक्षण सांभाळून असे खेळ करणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. १९९२ साली जपानमध्ये अॅस्की कंपनीने पीसी-९८ संगणकांसाठी 'आरपीजी त्सुकूरु दांते ९८' हे सॉफ्टवेअर काढलं. पुढे हीच मालिका आरपीजी मेकर म्हणून जगभर पोचली. चौकोनी टाइल्स जोडून नकाशा भरायचा, त्यावर माणसं, दारं, पेट्या ठेवायच्या आणि त्यांनी काय करायचं ते यादीतून निवडून सांगायचं. कोड लिहिलाच पाहिजे असं नाही.

यातून काय निघालं बघा. २००४ मध्ये किकियामा हे टोपणनाव घेतलेल्या निर्मात्याने 'यूमे निक्की' फुकट उपलब्ध करून दिला. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, एक मुलगी आपल्या स्वप्नांमधून हिंडते एवढाच खेळ. तरी इतक्या वर्षांनी लोक त्याच्याबद्दल लिहितात. २०११ चा 'टू द मून' आरपीजी मेकर एक्सपीवर केलेला आहे. मरणाच्या दारात असलेल्या एका माणसाची शेवटची इच्छा, एवढ्यावर तो उभा आहे, लढायांवर नाही. तलवारी आणि राक्षस नसले तर आरपीजी होत नाही असं मानणाऱ्यांनी हे दोन जरूर खेळावेत.

आता मला जे म्हणायचंय ते. आपल्याकडचा माणूस हे करायला बसला की बहुतेक वेळा इंग्रजीत लिहायला लागतो. पात्राचं नाव सदाशिव, गाव मावळातलं, आणि वाण्याच्या दुकानात संवाद इंग्रजी. तिथे त्या गावाचा जीव जातो. आरपीजीत खेळणाऱ्याचा मोठा वेळ लोकांशी बोलण्यात जातो, म्हणजे खेळाचं निम्मं बांधकाम भाषेचं असतं. ती माणसं त्यांच्या बोलीत बोलली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. आणि दुसरं, खेळ लहान हवा. एका संध्याकाळी संपणारा. चाळीस तासांच्या महाकाव्याचे आराखडे वहीतच राहतात. पाच पात्रांचा, एका गावाचा, पुरा झालेला खेळ लोक खेळतात, त्यावर बोलतात, आणि पुढचा करायला बळ येतं.

मी सध्या नाणेघाटावर एक करतोय. सातवाहन काळ, कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे माल नेणारा बैलांचा तांडा, आणि वाटेवरच्या पाण्याच्या टाक्यांची निगा राखणारी मुलगी ही नायिका. घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण खेळातही आहे.

कोण काय करतंय ते लिहा. काही केलं नसेल पण करायचं असेल तरी लिहा.

शालन_क

विषय आवडला. मी कथा लिहिते, कोड अजिबात येत नाही. अशा माणसाने यात नेमकं काय करायचं? म्हणजे गोष्ट लिहून देऊन बाजूला व्हायचं का?

घाटवाट

शालनताई, बाजूला अजिबात व्हायचं नाही. आरपीजी मेकरमध्ये गोष्ट दोन गोष्टींवर चालते. स्विच म्हणजे हो किंवा नाही: 'आजीला पाणी दिलं?' व्हेरिएबल म्हणजे आकडा: 'आजीशी कितीदा बोललो?' आणि प्रत्येक पात्राला अनेक पानं असतात, प्रत्येक पानाला एक अट. ज्या पानांच्या अटी पुऱ्या होतात त्यांतलं सगळ्यात शेवटचं पान चालतं. म्हणजे तुम्ही कागदावर एवढंच लिहायचं: आजी पहिल्यांदा भेटली तर काय बोलते, पाणी दिल्यावर काय बोलते, पाणी न देता पुढे जाऊन परत आलात तर काय बोलते. कोणत्या पानाआधी काय घडलेलं असलं पाहिजे ते कंसात लिहा. ते मांडणं अर्ध्या दिवसात शिकता येतं. आजीने तिसऱ्या वेळी काय बोलावं हे मात्र लिहिणाऱ्यालाच कळतं.

अर्धमात्रा

मराठी मजकुराची तांत्रिक बाजू मी सांगतो, कारण पुष्कळ जण इथेच अडतात आणि इंग्रजीकडे वळतात.

आरपीजी मेकर एमव्ही (२०१५) आणि एमझेड (२०२०) आतून जावास्क्रिप्टवर चालतात आणि मजकूर ब्राउझरच्याच यंत्रणेने रंगवतात. म्हणजे देवनागरी यायला हवी. पण एमव्हीत मेनूमधली नावं नीट दिसतात आणि संवाद मात्र फुटतात. 'किल्ला' लिहिलं की क सुटा, वेलांटी सुटी, तिच्याखाली तो ठिपक्यांचा गोल. कारण असं की मेनूतला शब्द अख्खा रंगवला जातो, तर संवाद टंकलेखनासारखा उमटावा म्हणून एकेक युनिकोड चिन्ह वेगळं रंगवलं जातं. वेलांटीला तिचा क सापडतच नाही.

एमझेडमध्ये हे सुधारायला सोपं आहे. तिथे अक्षरं आधी साठवली जातात आणि थांबायची वेळ आली की एकदम रंगवली जातात. ओळीच्या सुरुवातीला \> हे चिन्ह टाकलंत तर ती ओळ अखंड येते आणि जोडाक्षरं बरोबर दिसतात. टंकलेखनाचा परिणामही हवा असेल तर 'इथे थांबता येईल का' हे ठरवणारं फंक्शन छोट्या प्लगिनने (वरून जोडायच्या कोडने) बदला. नियम दोनच. पुढचं चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू, नुक्ता किंवा हलन्त असेल तर थांबायचं नाही. आणि नुकतंच घेतलेलं चिन्ह हलन्त असेल तरी थांबायचं नाही. अदृश्य जोडचिन्हं वापरत असाल तर तीही या यादीत घाला. तपासायला 'दऱ्याखोऱ्यांतून', 'दुर्गाध्यक्ष', 'क्षत्रिय' हे शब्द घ्या. हे तीन नीट उमटले की बाकी बहुतेक सगळं उमटतं.

नव्या ब्राउझरांत शब्दाचे दिसणाऱ्या अक्षरांनुसार तुकडे करायची तयार सोय आहे. पण जोडाक्षर मध्ये तोडू नये हा नियम असे तुकडे कसे पाडायचे ते सांगणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणात २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. खेळासोबत जाणारं ब्राउझरचं इंजिन जुनं असेल तर क्ष चे दोन तुकडे होतील. म्हणून वरचे दोन नियम हाताने लिहिलेले बरे.

शब्दाच्या मध्ये रंग बदलू नका, तिथेही तो तुटतो. दोन शब्दांच्या मध्ये बदला.

ओळीची उंची वाढवा. 'सर्वांत' मधला रफार आणि अनुस्वार, 'कर्तृत्व' मधलं खालचं, याला रोमन अक्षरांपेक्षा जास्त जागा लागते. चार ओळींच्या चौकटीत तीनच ओळी ठेवल्या की डोळ्यांना बरं वाटतं. टंक (फाँट) म्हणून मुंबईच्या एक टाइपचे मुक्त किंवा बलू घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, खेळासोबत देता येतात.

पैसे न घालता करायचं असेल तर गोडो हे खेळ बनवायचं फुकट साधन घ्या. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीची जुळणी आतूनच होते, आणि शब्द आधी जुळवून मग हळूहळू उघडायचीही सोय आहे. तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती, त्यामुळे जुने धडे बघून 'गोडोत मराठी येत नाही' असं ठरवू नका.

शालन_क

अर्धमात्रा, 'मुक्त' नव्हे ना, 'मुक्ता'?

अर्धमात्रा

हो, टंकाचं नाव मुक्ता. परवाना मुक्त.

शालन_क

गेले काही दिवस घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर पानं मांडत होते. त्यातून दोन मुद्दे निघाले, लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत.

पहिला, नायक की नायिका हे खेळणाऱ्याने निवडायचं असेल तर आपल्याकडे प्रत्येक संवाद दोनदा लिहावा लागतो. 'कधी आलास' आणि 'कधी आलीस'. नायक स्वतः बोलतो तेव्हाही 'मी जातो', 'मी जाते'. इंग्रजी खेळांत एका सर्वनामात निभावतं, इथे क्रियापदच बदलतं. माझ्या मते लहान खेळात पात्र ठरलेलंच असावं, मग संवाद खुलतो. निवड ठेवायचीच असेल तर गावकऱ्यांना असं बोलायला लावता येतं: 'काय पाहिजे?', 'कुठली पाहुणेमंडळी?', 'बसा की घटकाभर.' पण सबंध खेळ असा लिहिला तर भाषा आखडते, हे लगेच जाणवतं.

दुसरा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं यातच आपल्याकडे नातं कळतं. तर तेच खेळाचं मोजमाप का करू नये? नायिका नवी असताना दुकानदार 'काय हवंय ताई तुम्हाला?' म्हणतो. दोन-चार कामं केली की 'ये गं पोरी' होतं. एखाद्याचा विश्वास मोडला की तोच माणूस पुन्हा 'तुम्ही' वर जातो. पडद्यावर 'मैत्री ७०' असा आकडा दाखवायची गरजच नाही. खेळणाऱ्या मराठी माणसाला एका 'तुम्ही' वरून काय बिनसलं ते कळेल. आतमध्ये व्हेरिएबल एक, संवादाची पानं तीन.

घाटवाट

शालनताई, हे जबरदस्त आहे. नाणेघाटातला जकातदार असाच करतो.

अर्धमात्रा

शालनताईंच्या पहिल्या मुद्द्याला जोड. लढाई असलेल्या खेळांत यंत्र स्वतः वाक्य जुळवतं: रिकाम्या जागी नाव, पुढे 'ने हल्ला केला'. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं. वाघ पण वाघाने, लांडगा पण लांडग्याने, घोरपड पण घोरपडीने. नुसतं नाव घातलं तर 'लांडगाने' असं भयंकर काहीतरी पडद्यावर येतं. उपाय दोन. प्रत्येक शत्रूच्या टिपणाच्या रकान्यात सामान्यरूप वेगळं लिहून ठेवायचं आणि प्लगिनने ते उचलायचं. किंवा वाक्यच असं रचायचं की प्रत्यय लागणार नाही: 'लांडगा झेपावला! इजा: १२'. मला दुसरा आवडतो, झटपट वाचता येतो. पण 'झेपावला' ला घोरपड चालत नाही, ती 'झेपावली'. म्हणून हल्ल्याचं वाक्य शत्रूगणिक द्या. लहान खेळात शत्रू असतात किती?

बिंदुरेषा

चित्रांबद्दल. फुकट टाइल्स हव्या असतील तर ओपनगेमआर्ट या संकेतस्थळावर खजिना आहे. २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप स्पर्धेतून आलेला ३२ बाय ३२ चा मोठा संच तिथे आहे, त्यावर लोक अजून भर घालतात. परवाना मात्र वाचा: ज्यांनी काढलं त्यांची नावं द्यावी लागतात आणि त्यात बदल केलेली चित्रं त्याच परवान्यावर खुली ठेवावी लागतात. आरपीजी मेकरसोबत आलेली चित्रं दुसऱ्या इंजिनात वापरण्याआधीही त्यांच्या अटी बघा.

अडचण अशी की या संचांत युरोपातली खेडी आहेत. उतरती लाकडी घरं, धुराडी, दगडी विहीर. आपलं गाव त्यातून उभं राहत नाही. मला वाटतं हौशी मराठी खेळांना सगळ्यात आधी लागणार आहे तो एक सामायिक संच: कौलारू घर, ओटा, सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, रहाटाची विहीर, पार बांधलेला वड, दीपमाळ, बैलगाडी, वाड्याची दिंडी. मी काढायला घेतलाय. सारवलेली जमीन आणि साधी माती यांत फरक दिसण्यासाठी रंग किती जवळचे घ्यावेत यावर बराच वेळ गेला, शेवटी सारवणाचे अर्धगोल हात दाखवले तेव्हा ती ओळखू यायला लागली. दीपमाळ तीन टाइल उंच केली आहे, तिच्यामागून पात्र गेलं की वरचा भाग पात्रावर यायला हवा.

काम लिब्रेस्प्राइटमध्ये करते, नकाशे जुळवून बघायला टाइल्ड. दोन्ही फुकट. पुरा झाला की नाव देण्याच्या एवढ्याच अटीवर सगळ्यांना खुला करीन.

खडूफळा

संगणकाशिवाय चालेल का इथे? मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली पोरं घेऊन आम्ही कागद आणि फाशांवर आरपीजी करतो. मुळात हा प्रकार तिथूनच आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चा. त्याचे मूलभूत नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आले, त्यामुळे नावाचं श्रेय देऊन कोणीही त्यावर आपला खेळ रचू शकतं. पण पोरांसाठी ते नियम फार होतात.

आम्ही वापरतो ती पद्धत २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' वरून निघालेली आहे. अवघड काही करायचं असेल तर दोन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. १० किंवा जास्त, काम फत्ते. ७ ते ९, काम झालं पण काहीतरी किंमत मोजावी लागली. ६ किंवा कमी, फसलं आणि गोष्टीला नवं वळण. ३६ शक्यतांपैकी फसण्याच्या १५, किंमत मोजून जमण्याच्या १५, निखळ यशाच्या ६. प्रत्येक पात्राला अंगबळ, डोकं आणि बोलणं यांतल्या एकात १ जास्त मिळतो. तेवढ्याने फसण्याच्या १५ च्या १० होतात आणि निखळ यशाच्या ६ च्या १०. सहावीच्या मुलांनी हे स्वतः तक्ता करून काढलं.

खरी मजा मधल्या ७ ते ९ मध्ये आहे. 'विहिरीत उतरलास, कळशी मिळाली, पण दोर तुटला. आता?' आणि जग पोरं बनवतात. मी फक्त विचारतो: या गावात पाणी कोणाच्या ताब्यात आहे? रात्री कुठे जायला मनाई आहे? का? त्यांची उत्तरं मी फळ्यावर लिहितो आणि तोच आमचा नकाशा. अबोल मुलं यात बोलायला लागतात हे मी पाहिलंय. एक मुलगी वर्गात उत्तर द्यायला उभी राहत नाही, खेळात तिने सरपंचाशी तंटा मिटवला.

संगणकावर करणाऱ्यांना माझी विनंती: आधी चार माणसं बसवून कागदावर खेळून बघा. कुठे कंटाळा येतो ते लगेच समजतं.

लोणंदकर

धागा वाचून डोक्यात घोळतंय ते लिहितो. वारीवर आरपीजी करायची. आळंदी ते पंढरपूर. खेळणारा एक नातू, दिंडीत आजीची चुकामूक झालीये. सगळे मुक्काम नकाशावर: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. दिवे घाटाची चढण, नीरा नदीत पादुकांचं स्नान, रिंगणं. शत्रू कोणी नाही. पाऊस, पायाचे फोड, शिधा आणि गर्दी. माझं सगळं लहानपण या पालखीच्या वाटेवर गेलंय, माहिती हवी तेवढी देतो. हे व्हावं असं फार वाटतं.

घाटवाट

लोणंदकर, कल्पना इतकी चांगली आहे की ती अर्धवट राहू नये म्हणून सांगतो: एकच टप्पा घ्या. लोणंद ते तरडगाव. अंतर थोडं, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. तुमचं स्वतःचं गाव सुरुवातीला. सकाळी चुकामूक, संध्याकाळच्या मुक्कामाला भेट. बाकीचे मुक्काम लोकांच्या बोलण्यात येऊ देत: 'जेजुरीला भंडारा उधळला तेव्हा होत्या की बरोबर.'

आजीला शोधायचं कसं? दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या. नातवाला आजीच्या दिंडीचा क्रमांक आठवत नाही, पण तिथे म्हणतात ती एक चाल आठवते. म्हणजे कोडं कानाने सोडवायचं.

शालन_क

आणि वारीत सगळेच एकमेकांना 'माउली' म्हणतात. मी वर म्हटलं ते हाकेचं मोजमाप इथे लागूच पडत नाही, पहिल्या क्षणापासून सगळे जवळचे. मग फरक कशात दाखवायचा? मला वाटतं, नातू काय म्हणतो त्यात. शहरातला मुलगा आधी 'काका', 'एक्स्क्यूज मी' करतो. तो पहिल्यांदा 'माउली' म्हणतो ती जागा खेळणाऱ्याने निवडायची. निवडींच्या यादीत तो पर्याय पहिल्यापासून असू दे, कधी वापरायचा ते त्याच्यावर. संवाद मी लिहिते.

बडोदेकर

चालींचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग शब्द म्हणून सगळ्यांचे आहेत, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो. पण एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका वेगळी. तिच्यावर प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो, आणि संगीतकाराने बांधलेल्या चालीवर त्याचा स्वतंत्र हक्क असतो. जालावरून उचललेलं गाणं खेळात घालू नका, फुकट वाटलात तरी. पारंपरिक वारकरी चाल आपल्यातल्याच कोणी टाळ-पखवाजावर म्हणून मुद्रित करावी. बडोद्यात आमचं भजनी मंडळ आहे, मंडळींना विचारून मुद्रण करून देतो. एकच अभंग तीन चालींत चालेल का? म्हणजे कोडं कठीण होईल.

घाटवाट

तीन चाली उत्तम. प्रत्येकी २० सेकंदांचा तुकडा, तोडजोड न कळता पुन्हा सुरू होईल असा. नुसत्या टाळांचा एक तुकडा वेगळा द्या, दिंडी लांब असताना तेवढाच ऐकू येईल आणि जवळ गेलं की शब्द.

बिंदुरेषा

लोणंदकर, मला उभ्या रिंगणाची मांडणी हवी आहे. वारकरी दोन्ही बाजूंना ओळीने उभे आणि मधून अश्व, हे बरोबर ना? पताकाधारी कुठे, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका कुठे, वीणेकरी कुठे?

लोणंदकर

मधून अश्व, बरोबर. अश्व दोन दाखवा. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. अश्व पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात, तेही घ्या, त्याशिवाय रिंगण वाटणार नाही. दिंडीत पताका पुढे, वीणेकरी मध्ये, टाळकरी त्याच्या दोन्ही बाजूंना. उरलेली मांडणी कागदावर काढून फोटो टाकतो.

बिंदुरेषा

टाका. अश्वाच्या धावण्याची चार चित्रं करते, स्वाराचा वेगळा. पताका दोन टाइल उंच ठेवते आणि काठी खालच्या टाइलमध्ये, म्हणजे गर्दीच्या डोक्यावरून दिसतील. अर्धमात्रा, इतकी माणसं एका नकाशावर हलली तर खेळ अडखळेल का?

अर्धमात्रा

सगळी इव्हेंट म्हणून (म्हणजे स्वतःची पानं असलेली स्वतंत्र पात्रं म्हणून) ठेवलीत तर अडखळेल. ज्यांच्याशी बोलता येतं तेवढेच इव्हेंट ठेवू, मागची गर्दी हलत्या टाइलमध्ये रंगवा. तीन चौकटींची हालचाल पुरते, पाण्याच्या टाइलला वापरतात तशीच.